मुलाच्या रक्तात एच. पायलोरी (जठरात राहणारा जंतू) पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे जठराला सूज आहेच का?

फोंड्याची आई

नमस्कार. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत. गणेशचवथीच्या आधीपासून त्याचं पोट दुखतंय. बेंबीभोवती. सकाळी शाळेची व्हॅन यायच्या वेळेला जास्त, कधी जेवल्यावर, तर कधी खेळता खेळता मध्येच पोट धरून खाली बसतो आणि थोड्या वेळाने परत पळायला लागतो. ताप नाही, उलट्या नाहीत.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटीचं सिरप दिलं, मग ओमेप्राझोल. बरं वाटतंय का विचारलं तर हो म्हणतो, पण रविवारी तो नेहमीच हो म्हणतो. शेवटी नणदेने सुचवलं की एका लॅबचं पोटाचं पॅकेज आहे, घरी येऊन रक्त घेऊन जातात, म्हणजे दुर्बीण घालायची भानगड नको. ते केलं. रिपोर्ट असा आहे:

एच. पायलोरी आयजीजी ३८ (खाली छापलंय, २० च्या वर पॉझिटिव्ह)
पेप्सिनोजेन १ : ६२, त्याच्यापुढे एल, म्हणजे लो
पेप्सिनोजेन २ : ११
हिमोग्लोबिन १०.९, एमसीव्ही ७०
इओसिनोफिल ७ टक्के
सीआरपी नॉर्मल

आणि तळाशी लाल अक्षरांत ‘जठरदाहाची शक्यता, डॉक्टरांचा सल्ला घ्या’.

वास्कोचे दीर म्हणतात, एच. पायलोरीचं किट मिळतं, चौदा दिवस द्यायचं आणि मोकळं व्हायचं. सासूबाई दिष्ट काढून झाल्या, ओव्याचं पाणी चालू आहे. नवरा बोटीवर आहे, तो फोनवर सगळ्यांनाच हो म्हणतो. मला एवढंच कळायला हवं आहे की या रक्ताच्या रिपोर्टवरून जठराला सूज आहे असं धरायचं का? आणि किट सुरू करायचं का?


वास्कोचा सुशेगाद

काळजी करू नका वहिनी. मलाही हेच निघालं होतं. वर्षभर जळजळ, ढेकर, रात्री उशाशी जेलुसिलची बाटली. किट घेतलं, तोंडाला पितळ चाटल्यासारखी चव आली, पोट बिघडलं, पण नंतर एकदम साफ. मुलाला अर्धा डोस द्या. दुर्बिणीच्या नादी लागू नका, पोर घाबरून जाईल.


डिचोलीची मावशी

वास्कोकर, तुमचं पोट बरं झालं हे छान झालं. पण नऊ वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाचं किट निम्मं करून द्यायचा सल्ला कृपा करून मागे घ्या. त्या किटच्या गोळ्या मोठ्यांच्या मापाच्या असतात. मुलांचा डोस किलोवर ठरतो, औषधंही वेगळी निवडावी लागतात, आणि त्याच्याही आधी द्यायची गरज आहे का हे ठरायला हवं.

बाय, मी डॉक्टर नव्हे. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहे. ही आयजीजीची, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची, टेस्ट मी स्वतःच्या हाताने पुष्कळ लावली आहे, म्हणून ती काय सांगू शकते आणि काय नाही तेवढं सांगते. औषधाचं तुमचे डॉक्टर बघतील.

प्लॅस्टिकची एक प्लेट असते, तिला छोट्या छोट्या वाट्या. वाटीच्या तळाला एच. पायलोरीचे तुकडे आधीच चिकटवलेले असतात. त्यात तुझ्या मुलाचं सिरम घालायचं. त्या जंतूविरुद्ध त्याच्या रक्तात प्रतिपिंडं असतील तर ती तळाला धरून बसतात, बाकीचं धुऊन टाकायचं. मग रंग आणणारं रसायन. वाटी जितकी पिवळी, तितका आकडा मोठा. झाली टेस्ट. यात जठर कुठे आलं सांग? कुठेच नाही. आम्ही बघतो ती रक्ताची आठवण. जंतू पोटात आज आहे की दोन वर्षांपूर्वी येऊन गेला, ते ती वाटी सांगत नाही. जंतू गेला तरी ही प्रतिपिंडं कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. आपल्याकडे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटोळीची चौकट छताला बाराही महिने असते, ती बघून कोणी गणपती घरात बसलाय म्हणून आरतीला येत नाही. तुझ्या रिपोर्टातला ३८ म्हणजे ती चौकट.

शिवाय २० ही रेघ कुठून आली? बहुतेक किटांच्या रेघा मोठ्या माणसांचं रक्त तपासून आखलेल्या असतात. लहान मुलांचं शरीर तितकी प्रतिपिंडं बनवत नाही, सहा-सात वर्षांखाली तर फारच कमी. म्हणजे जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. आणि अगदी तान्ह्या बाळाचं रक्त घेतलं तर त्यात आईचीच आयजीजी सापडते, वारेतून आलेली. एकाच टेस्टला दोन्हीकडून फसायची सोय.

म्हणूनच युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०१७ साली जी मार्गदर्शक तत्त्वं छापली, त्यांत स्पष्ट लिहिलंय की मुलांमध्ये एच. पायलोरीसाठी प्रतिपिंडांच्या टेस्टवर विसंबू नका. रक्तातली नको, लघवीतली नको, लाळेतलीही नको. टेस्ट करायची, पॉझिटिव्ह आली की औषध द्यायचं, हा मोठ्यांमधला शॉर्टकट मुलांना लावू नका, हेही त्यांत आहे. कारण आपल्याकडे हा जंतू बहुतेकांना लहानपणीच चिकटतो, घरातल्या घरातच, आणि बहुतेक मुलांना त्याचा काही त्रास होत नाही. पोट दुखणारी शंभर मुलं आणि न दुखणारी शंभर मुलं तपासलीस तर दोन्हीकडे पॉझिटिव्ह निघणारच. मग दुखणं त्याच्यामुळेच, हे कशावरून?

थांब, अजून एक गुंता आहे. समजा जंतू खरंच आत्ता पोटात आहे. तर जठराच्या अस्तराला थोडीफार सूज असतेच, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पण सूज असणं आणि पोट दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूज असलेली कितीतरी मुलं खुशाल मिरचीभजी खात फिरतात. तू विचारलंस की सूज आहे का. मला वाटतं खरा प्रश्न आहे की दुखतंय कशामुळे. पहिल्याचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळतंच असं नाही.

सूज आहे की नाही हे पक्कं सांगणारी रक्ताची टेस्ट मुलांसाठी नाही. त्यासाठी दुर्बीण घालून जठराच्या खालच्या भागातले दोन आणि वरच्या भागातले दोन तुकडे घ्यायचे आणि ते पॅथॉलॉजिस्टने बघायचे. नुसत्या डोळ्यांना लाल दिसलं म्हणूनही सूज म्हणत नाहीत. एंडोस्कोपीत लालसर दिसलेलं जठर तुकड्यात नॉर्मल निघालेलं आमच्या टेबलावर पुष्कळदा यायचं, आणि उलटंही.

पण म्हणून उद्याच दुर्बीण घाल असंही मी म्हणत नाही हां. तुझ्या रिपोर्टात मला खटकतोय तो ३८ नव्हे. हिमोग्लोबिन १०.९ खटकतंय. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं ११.५ च्या खाली आलं की ॲनिमिया धरतात, आणि एमसीव्ही ७० म्हणजे तांबड्या पेशी लहान राहिल्यात. लोह कमी असण्याची ही खूण असते. पॅकेजवाल्यांनी नको ते सगळं केलं आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तेवढा बघितला नाही.

काही गोष्टी सांग, म्हणजे पुढे बोलता येईल. रात्री झोपेतून पोटदुखीने उठतो का? वजन घटलंय का, उंची वाढतेय ना? शौचाला काळं किंवा रक्त? गिळताना अडकतं का? पोट रोज साफ होतं का, आणि कसं? तापाला घरात कुठलं सिरप देता? घरात कोणाला जठराचा अल्सर किंवा कॅन्सर?


फोंड्याची आई

मावशी, एवढं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. रात्री कधीच उठत नाही, मेल्यासारखा झोपतो. वजन घटलेलं नाही, पण बारीकच आहे, गणवेश मात्र दर वर्षी आखूड होतो. काळं किंवा रक्त नाही. गिळायला काही त्रास नाही.

पोटाचं विचारलंत म्हणून आज मुद्दाम विचारलं. दोन-दोन दिवस जात नाही म्हणे! शाळेतल्या संडासात जायला लाजतो, आणि सकाळी घरी वेळ नसतो. गेला की कडक, खडे. मला माहीतच नव्हतं, नऊ वर्षांच्या मुलाच्या मागे कोण जाऊन बघतं.

ताप आला की मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप देतो, पॅरासिटामॉलने उतरत नाही म्हणून. या पावसाळ्यात दोनतीनदा ताप येऊन गेला. दिलं ते बहुतेक उपाशीपोटीच, कारण तापात तो पेजेशिवाय काही घेत नाही.

त्याच्या आजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, अल्सर होता. कॅन्सर कोणाला नाही.

आणि दूध भरपूर पितो. जेवणापेक्षा दूध जास्त. मासे चालतात, पण भात-हुमण खाताना भाजी बाजूला काढून ठेवतो.


साखळीची सुमी

मी फक्त दुर्बिणीबद्दल लिहिते, कारण त्याचीच भीती सगळ्यांना असते आणि वास्कोकरांनी ती वाढवलीय.

माझ्या मुलीची झाली आहे, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिला खरंच कारण होतं. रात्री पोट धरून उठायची, उलटी व्हायची, वजन उतरलेलं, आणि लोहाचं औषध नीट देऊनही हिमोग्लोबिन हलेना. रक्तातली एच. पायलोरी तिची निगेटिव्ह आली होती! त्यावरून एकाने आम्हाला हा जंतूच नाही म्हणून परत पाठवलं होतं. नंतर बालरोगतज्ज्ञांनी तो कागद बाजूला ठेवला आणि एंडोस्कोपी करायला सांगितली.

रात्रीपासून काही खायचं नाही. हाताला सुई लावून झोपेचं औषध दिलं, आम्हाला बाहेर बसवलं. आम्ही देवाचं नाव घेऊन पुरतं बसलोही नव्हतो तोवर बोलावणं आलं. उठली तेव्हा घसा थोडा दुखत होता, संध्याकाळी घरी येऊन आईस्क्रीम मागितलं. तिला दुर्बीण आठवतच नाही, सलाइनची सुई आठवते. जठराच्या खालच्या भागात दाणे दाणे दिसले म्हणाले, मुलांमध्ये या जंतूमुळे असं पुष्कळदा दिसतं. एक तुकडा लगेच कसल्यातरी पिवळ्या जेलीत टाकला, ती जेली आमच्या डोळ्यांदेखत गुलाबी झाली, म्हणजे जंतू होता. शिवाय ड्युओडेनममध्ये, म्हणजे जठरापुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला, अल्सर होता. चौदा दिवस औषध, वजनाप्रमाणे. गोळ्यांची वेळ चुकवायची नाही म्हणून मी फ्रिजवर तक्ताच लावला होता, कारण अर्धवट घेतलं तर जंतू औषधाला निर्ढावतो आणि मग दुसऱ्यांदा जास्त कठीण जातं, असं आम्हाला बजावून सांगितलं होतं.

औषध संपल्यावर महिन्याने शौचाची अँटिजेन टेस्ट केली, जंतू गेला की नाही बघायला. तेव्हाही मी विचारलं होतं की परत रक्तच तपासूया का, सोपं पडेल. डॉक्टर हसले. रक्तातलं आता उगाच पॉझिटिव्ह येईल म्हणाले.

फोंड्याच्या आई, तुमच्या मुलाचं मात्र मला वेगळं वाटतंय. रात्री झोपतोय ना, तेच मोठं आहे.


मडगावचा चिकित्सक

मावशींचं आयजीजीबद्दल पटलं. पण पेप्सिनोजेन ही तर जठरातूनच येणारी गोष्ट आहे. जपानमध्ये त्यावर जठराच्या कॅन्सरची चाळणी करतात असं वाचलंय. इथे तर सरळ एल आलंय. ते कसं सोडून द्यायचं? रक्तावर निदान होतच नाही असं म्हणणं मला टोकाचं वाटतं.


डिचोलीची मावशी

चांगलं विचारलंत. आधी त्या एलचं सांगते. तो एल माणूस लिहीत नाही, संगणक छापतो. मशीनमध्ये ७० ही रेघ भरलेली असते, ६२ तिच्या खाली आलं की एल. समोर नऊ वर्षांचं पोर आहे की साठ वर्षांचा बाबा, त्याला काय त्याचं.

आता ती ७० ची रेघ. जठराच्या वरच्या, मोठ्या भागातल्या ग्रंथी पेप्सिनोजेन १ बनवतात. पेप्सिनोजेन २ जवळजवळ सगळं जठर बनवतं, ड्युओडेनमचा सुरुवातीचा भागसुद्धा. वर्षानुवर्षं सूज राहून त्या वरच्या ग्रंथी झिजल्या, सुकल्या, की १ घसरतं आणि २ टिकून राहतं. म्हणून दोन्हींचं गुणोत्तर बघतात. जपानी पद्धतीत पेप्सिनोजेन १ सत्तर किंवा कमी, आणि गुणोत्तर तीन किंवा कमी, अशा दोन्ही अटी एकत्र लागतात. इथे ६२ भागिले ११ करा. साडेपाचच्या वर येतं. म्हणजे मोठ्यांच्या मापानेसुद्धा हा रिपोर्ट नॉर्मलच आहे! अर्धीच अट बघून एल छापला.

आणि ती टेस्ट शोधते काय, तर ग्रंथी झिजलेल्या आहेत का. मुलांमध्ये अशी झीज क्वचित होते. तेव्हा जी गोष्ट मुलांत सहसा नसते, तिची चाळणी मुलांवर लावून उपयोग नाही. झीज नसलेली ताजी सूज असेल तर उलट दोन्ही आकडे वर जातात, २ जरा जास्त. पण सूज असलेल्या आणि नसलेल्या मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एका मुलाचा कागद हातात धरून काही म्हणता येत नाही. अभ्यासात हजार मुलांची सरासरी काढायला ठीक. त्यात हा मुलगा ओमेप्राझोल घेत होता, आणि त्या औषधाने पेप्सिनोजेन हलतं.

रक्त तपासायचंच नाही असं मी कुठे म्हटलं? पोट दुखणाऱ्या मुलाचं रक्त मी आयुष्यभर तपासलंय. फक्त ते जठराबद्दल विचारायला नव्हे, बाकीच्या गोष्टींबद्दल विचारायला. सीबीसी हवीच. फेरिटिन हवं, पण ताप-सर्दी नसताना, कारण सुजेत ते खोटं वर जातं. गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिॲक आजार बघायला टीटीजी आयजीए, आणि त्याच्यासोबत एकूण आयजीए, कारण ज्याच्यात आयजीएच कमी बनतं त्याची टीटीजी निगेटिव्ह येऊन फसवते. ही टेस्ट मात्र मुलांमध्ये इतकी चांगली आहे की आकडा वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आला आणि दुसऱ्या नमुन्यातली वेगळी प्रतिपिंडंही पॉझिटिव्ह निघाली, तर युरोपातले तज्ज्ञ २०२० पासून तुकडा न काढताही निदान मान्य करतात. चिकित्सक, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर धरा. प्रतिपिंडांवर निदान होतं, पण ज्या आजारात ती प्रतिपिंडं आजाराबरोबर चढतात-उतरतात तिथे.

इओसिनोफिल ७ टक्क्यांबद्दल कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवते. इओसिनोफिल पेशींमुळे होणारी जठराची एक वेगळी सूज असते खरी, पण आपल्या हवेत हा आकडा वाढायला जंत, सर्दीची ॲलर्जी, दमा, काहीही पुरतं. शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात, ती त्याने घेतली होती का बघ. पुष्कळ मुलं जिभेखाली धरून बाहेर थुंकतात. आमच्या घरातल्याने तेच केलं होतं.

आता बाय, तुझं. तू जे लिहिलंस त्यात मला तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हीला दुर्बीण लागत नाही. पोट साफ होत नाही, ते खड्यांवरून उघड आहे. बेंबीभोवती दुखण्याचं मुलांमधलं हे एक अगदी नेहमीचं कारण, आणि सकाळी वाढतं तेही जुळतं. दुसरं ते तापाचं सिरप. मेफेनॅमिक काय, आयब्युप्रोफेन काय, ही औषधं जठराच्या अस्तराला लागतात, उपाशीपोटी तर जास्तच. जठराला थोडी सूज असलीच तर तिचं कारण जंतूपेक्षा बाटलीत असायची शक्यता मी आधी बघेन. तिसरं दूध. दूध पिऊन पोट भरलं की बाकीचं जेवण कमी होतं, दुधात लोह जवळजवळ नाही, आणि जास्त दुधाने काही मुलांचं शौच घट्टही होतं.

सासऱ्यांच्या अल्सरचं डॉक्टरांना सांग, लपवू नको, पण त्यावरून घाबरू नको. घरात जवळच्या माणसाला, म्हणजे आईबाप-भावंडांना, जठराचा कॅन्सर असेल तर मुलाची एच. पायलोरी तपासायचा विचार करतात. इथे तसं नाही.

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग ओपीडीत दाखव, किंवा फोंड्यातच चांगल्या बालरोगतज्ज्ञांना. रिपोर्ट दाखवायच्या आधी दुखणं सांग. रिपोर्ट आधी टेबलावर ठेवलास की बोलणं त्या ३८ भोवतीच फिरत राहतं, मी हे खिडकीच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ बघितलंय.


वास्कोचा सुशेगाद

अर्ध्या डोसचं मागे घेतो. मावशी, माझंही रक्तावरच झालं होतं. म्हणजे मला जंतू नव्हताच की काय?


डिचोलीची मावशी

असेलही, नसेलही, आता कसं कळणार. मोठ्यांनाही श्वासाची नाहीतर शौचाची टेस्ट जास्त खरी. तुमची जळजळ गेली, सुशेगाद राहा.


फोंड्याची आई

अपडेट द्यायला उशीर झाला, शिगमा आणि परीक्षा एकदम आल्या.

बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. मावशींनी सांगितल्याप्रमाणे आधी दुखण्याचं सांगितलं. त्यांनी पोट चाचपलं आणि डाव्या बाजूला खाली बोट ठेवून मलाही हात लावायला सांगितला, खडे हाताला लागत होते. रिपोर्ट नंतर बघितला. आयजीजी आणि पेप्सिनोजेनवर पेनने आडवी रेघ मारली. किट द्यायचं नाही म्हणाले. पोट साफ करायचं पावडरीचं औषध दिलं, ते बरेच दिवस चालू ठेवायचं आहे, दोन दिवसांत फरक पडला म्हणून बंद करायचं नाही. सकाळी नाश्त्यानंतर संडासात बसवायचं, घाई न करता, पायाखाली स्टूल ठेवून. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. मी आधी देत होते तो डोस त्याच्या वजनाला कमीच पडत होता, म्हणून ताप उतरत नव्हता. ओमेप्राझोल बंद.

फेरिटिन ९ आलं. टीटीजी निगेटिव्ह, आयजीए नॉर्मल. लोहाचं औषध सुरू आहे, ते दुधाबरोबर नको, आवळ्याबरोबर किंवा लिंबू पिळून चालेल म्हणाले. दूध सकाळी एक पेला, बस्स. सासूबाईंना ते पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. लोहाने शौच काळं होतं हेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं, नाहीतर मी घाबरून परत धावले असते.

पोटदुखी आता कधीतरी होते, सोमवारी जास्त. डॉक्टर म्हणाले, लोह नीट देऊनही हिमोग्लोबिन चढलं नाही, किंवा रात्री उठायला लागला, वजन घटलं, उलटीत रक्त दिसलं, तर मग एंडोस्कोपीचं बोलू, आणि तेव्हा जंतूही तुकड्यातच बघू. तोवर नाही.

एक शंका आहे. नणद म्हणते, एंडोस्कोपी नको तर निदान शौचाची एच. पायलोरी टेस्ट आत्ताच करून टाकूया, सुई नाही काही नाही. करू का?


डिचोलीची मावशी

फेरिटिन ९ सापडलं, छान झालं.

शौचाची टेस्ट रक्तापेक्षा कितीतरी खरी, जंतू आत्ता आहे की नाही ते ती सांगते. पण पॉझिटिव्ह आली तर काय करणार? दुखणं कमी होतंय, अल्सरची खूण नाही, औषध द्यायचं नाही असं डॉक्टरांनी ठरवलंय. मग हातात आणखी एक पॉझिटिव्ह कागद येईल आणि दिरांचा फोन येईल. डॉक्टरांनी सांगितली तर कर, नणदेने सांगितली म्हणून नको.

आणि कधी केलीच, तर ओमेप्राझोल बंद करून दोन आठवडे आणि कुठलंही अँटिबायोटिक संपून चार आठवडे झालेले असू देत, नाहीतर जंतू असूनही निगेटिव्ह येईल. नमुना कोरड्या स्वच्छ डबीत घे, लघवी मिसळू देऊ नको, आणि लगेच लॅबमध्ये पोचव. पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेव, पण सासूबाईंना आधी सांगून.


साखळीची सुमी

आमची डबी सासऱ्यांनी श्रीखंड समजून उघडली होती. चिठ्ठी लावा.